पावलं दहा हजार, झोप दोन तास : लेकरावाल्यानं नव्या वर्षात काय सुधारावं?

चक्कीवाला_दर्यापूर
१० जानेवारी २०२६, रात्री ११:४०

राम राम मंडळी.

माझी चार एकर कोरडवाहू आहे आन् गावात पिठाची चक्की. पोट्टी सात वर्षांची, दुसरीत. पोट्टं दीड वर्षाचं, कोणत्याच वर्गात नाही, पण घरचा हेडमास्तर तोच. प्रश्न शेवटी विचारतो, आधी हकिकत ऐका.

३१ डिसेंबरले नागपूरचा साळा आला होता. तो जिममध्ये जाते. त्यानं माझं पोट बोटानं दाबून पाह्यलं, व्यापारी कापसाची ओल पाहते तसं, आन् माझ्या मनगटावर तो पावलं मोजायचा पट्टा बांधून देल्ला. म्हणे, "जिजाजी, रोज दहा हजार पावलं. या वर्षी स्वतःवर काम करा." म्या म्हटलं, बाप्पा, काम करायले आधी स्वतः सापडला तर पाहिजे. पण रात्री सोल्याच्या भाजीवर जोश चढला आन् जेवता जेवता म्या पाच-सहा गोष्टी बोलून बसलो. पोट्टीनं त्या लगेच वहीत उतरवल्या. तिथंच फसलो. तोंडानं बोललेलं विसरता येते, दुसरीतल्या पोट्टीनं वहीत लिहिलेलं नाही.

पहाटे पाचले उठायचं, हा पहिला संकल्प. आता हे पाहा, आमचं पोट्टं मले रात्री साडेबाराले, दोनले, सव्वातीनले आन् साडेचारले उठवते. पाचले उठायचं म्हणजे मधात कधीतरी झोपलं पाहिजे ना. मोबाईलवरचा तो माणूस सांगते की पहाटेचा एक तास फक्त तुमचा असतो. माझ्या पहाटेच्या तासात एक पाय माझ्या नरड्यावर असते, आन् तो पाय माझा नसते.

तरी २ तारखेले उठलो. बाहेर धुई अशी की समोरचं लिंबाचं झाड दिसे ना. साळ्यानं सांगतलं होतं की चालता चालता घोट घोट पाणी प्यायचं. म्हणून कानटोपी घातली, हातात लिटरची पाण्याची बाटली घेतली आन् निघालो वावराच्या रस्त्यानं. खेड्यात पहाटे साडेपाचले हातात पाण्याची बाटली घेऊन माणूस वावराच्या रस्त्यानं निघाला तर लोक काय समजतात, हे इथं लिहायची गरज नाही. पहिलेच भेटले शेजारचे काकाजी. ओट्यावर शेकत बसले होते. म्हणे, "काहून बे, घरचा संडास तुंबला काय?" म्या म्हटलं, नाही काकाजी, फिराले चाललो. ते म्हणे, "हो हो, पथकाले आम्हीबी असंच सांगत होतो." ज्याले ते गुड मॉर्निंग पथक आठवते त्याले समजलं. तेव्हा साहेब लोक पहाटे टॉर्च घेऊन गोदरीच्या रस्त्यावर उभे राहत आन् लोटा दिसला की गुलाबाचं फूल देत. काकाजीले दोन फुलं भेटली होती, ते अजून सांगतात.

बाटली तिथंच बांधावर लपवली आन् पुढं गेलो. आता हात रिकामे. रिकाम्या हातानं पैदल चालणारा माणूस म्हणजे आमच्या गावात अडचणीतला माणूस. पहिला मोटरसायकलवाला थांबला, "बसा भाऊ, सोडून देतो." म्या म्हटलं, नको, चालून राहिलो. तो म्हणे, "पेट्रोल मागत नाही ना मी, बसा." दुसरा थांबला. त्यालेबी नाही म्हटलं, तर त्याले राग आला. तिसरा दूधवाला. त्यानं गाडी बंद केली, स्टँडवर लावली, खांद्यावर हात ठेवला आन् हळूच विचारलं, "घरी काही झालं काय भाऊ?" म्या हसलो. त्याले वाटलं मी रडू दाबून राहिलो.

सात वाजता घरी आलो तर बायको दारात फोन घेऊन उभी. तिच्या मायचा फोन, नऊ किलोमीटरवरून. जावई भांडून पैदल निघून गेले, हे खरं काय? दुधाच्या कॅनसोबत खबर तिथं पोचली होती. सासूले समजावता समजावता चक्की अर्धा तास उशिरा सुरू झाली आन् बाहेर अकरा डबे रांगेत. पट्ट्यावर पाह्यलं तर पावलं २,८१०.

कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायचं, हा दुसरा. आमचा गाव खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनं जमिनीखालचं पाणी खारं. प्यायचं पाणी नळानं येते, पण नळ रोज येत नाही. त्या दिवशी मडक्यातलं संपलेलं, म्हणून बोअरचंच कोमट केलं आन् लिंबू पिळलं. मीठ आधीच, लिंबू आत्ता, झालं सरबत. फक्त साखर पाहिजे होती, आन् साखर सोडायचा संकल्प तिसरा होता.

साखरेचं लवकर सांगतो. बिनसाखरेचा चहा दीड दिवस पेलो. मग माझ्या मायनं स्वतःच्या हातानं साखर टाकून देल्ली आन् म्हणे, "बापाच्या तेरवीलेबी गोड खाल्लं होतं तुनं, आता काय झालं?"

खरी फजिती झाली ती न वरडण्यात. लेकरांवर वरडायचं नाही, असं म्या बोललो होतो. माणूस दिवसभर चक्कीत उभा राहिला की त्याचा आवाज आपोआप मोठा होते. पट्टा फिरते, जातं गरगरते, समोरचा म्हणते "जाडसर दळा", तुम्ही म्हणता "काय?", तो म्हणते "ज्वारी!" असं आठ-नऊ घंटे चालते. घरी येऊन मी "भाकर वाढ" म्हटलं तरी शेजारी दार उघडून पाहतात. मले सांगा, यात वरडणं कोणतं आन् बोलणं कोणतं?

पोट्टीनं त्याचा निकाल स्वतःच लावला. चक्कीच्या भिंतीवर खडूनं उधारी लिहिलेली राहते, नाव आन् किलो. तिनं खाली रेघ ओढून लिहिलं "पप्पा", आन् मी वरडलो की एक उभी रेघ. संध्याकाळी एक जण दळण घ्यायले आला, भिंतीकडे पाहून म्हणे, "भाऊ, तुमच्याकडेच चौदा किलो बाकी दिसते." पोट्टी म्हणे, "किलो नाही, चौदा वेळा वरडले." त्यानं हे पानठेल्यावर सांगतलं. आता येणारा जाणारा आधी भिंत पाहते. काल एका काकूनं चिल्लर देता देता म्हटलं, "आज सहाच? बरं नाही काय?"

मग म्या ठरवलं की हळू बोलायचं. रविवारी पोट्ट्यानं कणकेच्या गंजात माझी चप्पल टाकली. म्या दात धरून, एकदम हळू, म्हटलं, "बाळ, ती चप्पल काढ." पोट्टी आजीच्या मागं जाऊन लपली. म्हणे, "पप्पा, तुम्ही वरडा. हळू बोलता तेव्हा मले भेव लागते."

आता पट्ट्याची गोष्ट. पोट्ट्याची झोळी आढ्याले बांधली आहे, लुगड्याची. तिची दोरी रात्रभर माझ्या उजव्या हातात. झोप लागली की हात थांबते, हात थांबला की तो उठते. अर्धवट झोपेत दोरी ओढत राहतो. ६ तारखेले सकाळी साळ्याचा फोन. त्याच्या मोबाईलवर माझी पावलं दिसतात, त्यानं तसं जोडून ठेवलं आहे. आवाज गंभीर. "जिजाजी, रात्री एक ते चार, साडेचार हजार पावलं. कुठं गेलते?" म्या म्हटलं, कुठंच नाही, अंथरुणात होतो. तो म्हणे, "ताईले माहीत आहे काय?"

खर्रा सोडायचा, म्हणजे ती घोटलेली सुपारी-तंबाखू, हाबी एक संकल्प. सहा दिवस बंद होता. सातव्या दिवशी तुरीचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, आला, मजूर आले, त्यांच्यासाठी पन्नीत घोटला आन् घोटणाऱ्यानं चव पाहाव लागते. याच्यावर आता जास्त बोलत नाही.

तर प्रश्न असा. घरात असे दोन नग असताना माणसानं नव्या वर्षात नेमकं काय सुधारावं, जे निदान १४ तारखेच्या तिळसंक्रांतीपर्यंत टिकते? पैसा लागू नये, पहाट लागू नये, आन् पोट्टीच्या वहीत बरोबरची खूण पडली पाहिजे. तिच्या वहीत सध्या सगळ्या फुल्या आहेत, आन् ती वही तिच्या मॅडम पाहतात.

---

कापूसवाली_माय
११ जानेवारी २०२६, रात्री १२:२५

भाऊ, हसून हसून पोट दुखलं, पोट्टी जागी होईल म्हणून तोंडात पदर कोंबला. मी यवतमाळ जिल्ह्यातली, मलाही दोन आहेत.

पण एक विचारू का? एवढं मोठं लिहिलं तुम्ही, त्यात वहिनी एकदाच आली, तेही हातात फोन घेऊन. तुम्ही बाटली घेऊन फिरायला गेले तेव्हा ते पोट्टं कोणाजवळ होतं? झोळीची दोरी कोणाच्या हातात होती?

मी साडेचारला उठते. त्याला कोणी मोबाईलवाल्यांसारखं 'पहाटे पाचचा क्लब' म्हणत नाही. चूल, पाणी, दोन डबे, सासऱ्याचा काढा, आणि आठ वाजता वेचणीला. आता शेवटची वेचणी सुरू आहे, बोंडं बारीक, फुटलेली नीट नाहीत, दिवसभर वेचलं तरी वजन भरत नाही. मजुरी किलोवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. सकाळी दव असते तेव्हा बोटं अशी गारठतात की बोंडाची नखी टोचलेली कळत नाही, दुपारी भाकर मोडताना ठेचा लागला की कळते. कमरेला झोळी, तिच्यात कापूस, आणि गेल्या वर्षीपर्यंत पाठीवर लहानी. माझी पावलं मोजायला कोणाचा साळा आला नाही.

रागावू नका, थकल्यावर माझी जीभ अशीच चालते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ आहे. मी गेल्या वर्षी एकच ठरवलं होतं, दिवसातून एक भाकर गरम आणि बसून खायची. तव्यावरची ताटात, ताटातली तोंडात, मधात कोणाची शी नाही, कोणाची पेन्सिल नाही. पहिल्यांदा जमलं ते ९ जानेवारीला. स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि धान्याच्या कोठीमागं बसले. बाहेर दोघी हाका मारून राहिल्या, "मा कुठं गेली? मा कुठं गेली?" आवाज होईल म्हणून मी कांदा नुसता तोंडात धरून बसले, चावला नाही. वर्षभरात किती वेळा जमलं ते मोजलं नाही, मोजलं असतं तर वाईट वाटलं असतं.

आणि हो, तो पट्टा एक दिवस वहिनीच्या हातात बांधून पाहा.

---

पुण्यातला_वऱ्हाडी
११ जानेवारी २०२६, सकाळी ८:०५

दादा, भारी लिहिलंय. मी मूळचा मूर्तिजापूरचा, आता हिंजवडीत. लेकरं नाहीत, एक मांजर आहे, त्यामुळे माझा सल्ला कितपत घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

दहा हजार पावलांचं मनावर घेऊ नका. तो आकडा डॉक्टरांनी काढलेलाच नाही. १९६५ साली जपानच्या यामासा कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे सरळसरळ 'दहा हजार पावलांचं मीटर'. नाव चाललं आणि आकडा जगभर बसला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांवर अभ्यास झाला, त्यात साधारण साडेसात हजारांच्या पुढं फायदा फारसा वाढताना दिसला नाही. आणि चार-साडेचार हजारवाल्यांनाही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बराच फायदा होता. तुमची झोळीची साडेचार हजार यात धरतील का, ते मात्र विचारावं लागेल.

दुसरं म्हणजे सवय लागायला २१ दिवस लागतात असं लोक म्हणतात, तेही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० च्या अंकात छापला गेला. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मधात एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यातच आहे. त्यामुळं फुल्या पडल्या तरी वही चालू ठेवा. गोष्ट मात्र लहान पाहिजे आणि रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली पाहिजे. चक्की सुरू करायच्या आधी दोन मिनिटं, एवढीच.

---

चक्कीवाला_दर्यापूर
११ जानेवारी २०२६, दुपारी १:५०

माय ताई, तुमचं वाचून बायकोले वाचून दाखवलं. तिनं काहीच म्हटलं नाही. फक्त तुमची गरम भाकरवाली ओळ दुसऱ्यांदा वाचायले लावली. दोरी तिच्याच हातात होती, खोटं कायले बोलू.

भाऊ, तो जपानी आकडा वाचून मले लय बरं वाटलं. म्हणजे आपल्या बियाण्याच्या थैलीवर कपाशीचं चित्र राहते तसं झालं. थैलीवरच्या झाडाले बोंडंच बोंडं, पानं नावाले. वावरात पेरलं की पानंच पानं.

६६ दिवसांचा हिशेब करून पाह्यला. १ तारखेपासून धरलं तर ७ मार्च, धुळवड उरकलेली. आन् मी त्या २५४ दिवसवाल्यांतला असलो, जे मले पक्कं वाटून राहिलं, तर ११ सप्टेंबर. यंदा अधिक मास आहे, पोळा त्याच सुमाराले येते. माझी सवय लागेपर्यंत बैलाचा पोळा येईल. बैलाले त्या दिवशी जू नाही, काम नाही, पुरणपोळी भेटते. मले काय भेटते हे त्या अभ्यासात असलं तर कळवा.

---

निवृत्त_मास्तर
११ जानेवारी २०२६, दुपारी ४:३०

बाबू, मी अंजनगाव तालुक्यातला. छत्तीस वर्षं पोरं शिकवली, आपली तीन वाढवली, आता नातवंडं आहेत. संकल्पाचा माझा अनुभव तुझ्याहून जुना आहे.

दर वर्षी रोजनिशी लिहायची, असा माझा नेम होता. डायरी कृषी केंद्रातून फुकट भेटे, पुठ्ठ्यावर फवारणीचा पंप छापलेला. १ जानेवारीच्या पानावर सुंदर अक्षरात, "आजपासून रोज सत्य लिहीन." २ तारखेलाही चार ओळी. ३ तारखेला "थंडी फार." ४ तारखेला नुसती तारीख. पुढे सौभाग्यवतीच्या हस्ताक्षरात दुधाचा हिशेब सुरू. अशा डायऱ्यांची चळत पेटीत आहे. परवा सून म्हणाली, बाबा, या टाकायच्या का? म्या उघडून पाह्यल्या. माझ्या ओळींत काहीच नाही रे, पण दुधाच्या हिशेबात सगळं आहे. मोठ्याला गोवर निघाला तेव्हा दूध दुप्पट. आई गेली तेव्हा तेरा दिवस रकाना कोरा. धाकटी हॉस्टेलला गेली त्या महिन्यापासून एक लिटर कमी. म्या म्हटलं, ठेवा.

आमचा तालुका गाडगेबाबांचा, शेंडगाव इथंच. १८७६ चा जन्म. झाडू हाती घ्यायला बाबांनी १ तारखेची वाट पाह्यली असेल असं काही वाटत नाही. हे वाक्य म्या एकदा घरी सगळ्यांसमोर फार मोठ्यानं बोललो. तेव्हापासून आमच्या आंगणाचा झाडू माझ्याकडे आहे, अकरा वर्षं झाली. म्हणून सांगतो, घरात बोलताना जपून.

फिरायचंच असेल तर पौषातला रविवार पाहून ऋणमोचनच्या यात्रेला जा. बाबांनी तिथं पूर्णेच्या काठी घाट बांधवला, यात्रेत स्वतः झाडलोट केली. पोट्टं खांद्यावर घे, पोट्टीचा हात धर. ती पाळण्याकडे पळते, तू तिच्यामागं. पट्ट्याचा आकडा पाहायला फुरसत भेटणार नाही, पण तो भरतो. आणि पैदल चालला म्हणून तिथं कोणी तुला गाडीवर बसवणार नाही, सगळेच पैदल असतात.

जानेवारीचं तू तालीम समज. आपलं वर्ष पाडव्याला, यंदा १९ मार्चला. सालदाराचंही साल तेव्हाच धरतात.

---

आशाताई_अचलपूर
११ जानेवारी २०२६, रात्री ९:१५

सगळ्यांनी मजा केली, आता माझं ऐका. भाऊ, बाकी सगळ्या फुल्या पडू द्या, खर्ऱ्याचं तेवढं हसण्यावारी नेऊ नका.

गावात मी घरोघरी फिरते, तर खर्रेवाले पुरुष मला पाहून तोंड मिटतात. तुम्ही एकटे असाल तेव्हा आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि तीन बोटं उभी एकावर एक धरून आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट खाताना आग होत असेल किंवा गालाच्या आत पांढरट चट्टा दिसत असेल, तर संक्रांतीची वाट न पाहता सरकारी दवाखान्यात दाखवा. बरेच जण मला सांगतात, "तंबाखू सोडली ताई, आता नुसती सुपारी खातो." सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो, ती काही सूट नाही. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, समोरून माणूस बोलतो.

तुम्ही सहा दिवस काढले ना? सातव्याला चुकले. मग परत पहिल्यापासून कशाला मोजता, आज सातवा म्हणा. फक्त हडंब्याच्या मजुरांसाठी घोटायचं काम दुसऱ्या कोणाला द्या. घोटणारा कधीच सुटत नाही, हे मी नवऱ्यावरून सांगते.

---

चक्कीवाला_दर्यापूर
१३ जानेवारी २०२६, रात्री १०:५५

आशाताई, तीन बोटं गेली. घट्ट गेली, पण गेली. पोट्टीनं पाह्यलं आन् तिनंबी स्वतःच्या तोंडात घालून पाह्यली, मग पोट्ट्याच्या तोंडात घालायले निघाली. तो चावला. तिच्या वहीत मी खर्ऱ्याच्या रकान्यात आज नववा दिवस लिहायले लावला. ती म्हणे, "पप्पा, मधातला एक कुठं गेला?" म्या म्हटलं, तो हडंब्यात गेला. तिनं तसंच लिहिलं.

मास्तर, यात्रेले येत्या रविवारी जातो. पौष १८ तारखेपर्यंत आहे, पाह्यलं कॅलेंडरात.

माय ताईच्या म्हणण्यावरून सोमवारी पट्टा बायकोच्या हातात बांधला. शेवटची वेचणी होती, ती मजुरीच्या बायांसोबत वावरात. मले वाटलं संध्याकाळी आकडा येईल आन् मी शरमेनं मान खाली घालीन. मनाची तयारी करून ठेवली होती. पण तो पट्टा पऱ्हाटीच्या फांदीत दोनदा अडकला, तिसऱ्यांदा तिनं काढून पोट्टीजवळ देल्ला. पोट्टीनं तो चांदणीच्या गळ्याच्या दाव्याले बांधला. चांदणी म्हणजे आमची बकरी. हे मले आज समजलं.

संध्याकाळी साळ्याचा फोन आला. एकदम खूश. म्हणे, "जिजाजी, कमाल आहे! काल अकरा हजार दोनशे पावलं. नाडी मोजली नाही पट्ट्यानं, सैल बांधला असेल. पण झोप पाहा ना! रात्री साडेनऊले गाढ झोप, एकदाबी उठले नाही, शंभरपैकी ८६." म्या विचारलं, मले आधी किती होते? तो म्हणे, "३१च्या वर कधी गेलेच नाही तुम्ही. काय बदल केला?"

म्या गोठ्याकडे पाह्यलं. चांदणी बसून रवंथ करत होती, पट्ट्याचा हिरवा दिवा गळ्याखाली लुकलुकून राहिला होता.

म्या म्हटलं, काही नाही, संध्याकाळी हिरवा पाला जास्त खाऊन राहिलो.

साळा म्हणे, "हेच! हेच मी सांगत होतो." त्यानं ते जिमच्या ग्रुपवर टाकलं आहे. आता तिथले चार जण मले विचारून राहिले की कोणता पाला. दोरी हातात आहे, एका हातानं लिहून राहिलो, म्हणून इथंच थांबतो. तो उठला.